नंबर बाबांचा होता

"या बारीला मीच जाते, मोतीरामभाऊ," इंदूकाकू म्हणाली आणि फळीवर सांडलेला चुना बोटानं निपटत राहिली. बाजारात जाते म्हणावं इतक्या सहज.

बाबांच्या आधी मी बोलले.

"काहून? आमचा नंबर आमी करून घेऊ. तुमाले कोन मधात बोलावलं?"

"सुकी," बाबा म्हणाले. बस तेवढंच.

नंबर म्हणजे काय ते सांगते. आंबेटोल्याच्या बसस्टँडच्या भिंतीला लागून सहा पानठेले होते. दुसरा आमचा, तिसरा इंदूकाकूचा. रस्त्यापलीकडे शाळा. शाळेच्या शंभर यार्डात तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे. तशी पाटी पण होती, पहिल्या ठेल्याच्या शिलवंतनं तिलाच आपली ताडपत्री बांधली होती. ठाण्याला दर महिन्याला एक तरी केस दाखवावी लागायची, म्हणून ठेलेवाल्यांनीच नंबर लावून घेतले होते. ज्याचा नंबर त्याच्या ठेल्यावर दुधे जमादार यायचा. दोन बिडीकट्टे नि एक सिगारेटचं पाकीट जप्त करायचा. शेजारचे दोघं पंच म्हणून सही करायचे. दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचं. साहेब विचारायचे, गुन्हा कबूल आहे का? म्हणायचं, कबूल. दोनशे दंड, आणि जेवणाच्या आत घरी. गुन्हा आपण केला असं कोणाला वाटायचंच नाही. दवाखान्यात जाऊन सुई टोचून आल्यासारखं होतं ते.

एक नेम मात्र सगळे पाळायचे. ज्याचा नंबर असेल त्याच्या ठेल्यात त्या दिवशी खरा माल ठेवायचा नाही. खरा माल म्हणजे सुगंधी तंबाखू. तिच्यावर बंदी आहे, आणि तिच्याबिगर सुपारी-चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडं कोणी तोंडात घेत नाही. जमादाराला ती दिसली तर त्याला लिहावी लागली असती. म्हणून नंबरवाला सकाळीच आपला माल शेजारच्या ठेल्यात सरकवायचा, आणि संध्याकाळी परत आणायचा.

त्या सकाळी मी तेच केलं होतं. आमचे चौदा डबे पोतडीत भरून इंदूकाकूच्या ठेल्याखालच्या पेटीत ठेवले होते. नंबर बाबांचा होता.

आणि आता दुपारी बारा वाजता काकू म्हणत होती, मी जाते.

तिचं कारण होतं. मागच्या बारीला दुधे जमादारानं जप्तीतलं सिगारेटचं पाकीट सरळ आपल्या खिशात टाकलं, आणि मी सगळ्यांसमोर त्याला भिकारी म्हणाले होते. तेव्हापासून तो दात धरून होता. बाबांना कोर्टात दिवसभर ताटकळत ठेवीन, असं तो शिलवंतजवळ बोलला होता. त्यात बाबांचं तोंड. वीस वर्षं खर्रा खाऊन ते दोन बोटंच उघडायचं, त्याच्यावर उघडत नव्हतं. भाकर दुधात कुस्करून खायचे. बोललेलं फक्त मला समजायचं, नाहीतर काकूला. आमच्या घरचं सगळं बोलणं मीच करायचे. भांडण पण मीच.

"तिथं दहा बारी विचारतील, तुमी बोलसान कसं?" काकू म्हणाली. "माहं काय, मी आता चालली इथून. जाताजाता एक बारी तुमची करून देते."

ती खरंच चालली होती. इंदूकाकू अडतीस वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. छत्तिसाव्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, ठेल्यावर खर्रा घोटता घोटता, बारावी पास झाली होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं नाव लागलं होतं. विधवेला चाळीसपर्यंतच चालते, म्हणजे ही शेवटची संधी. पोलिसाचा दाखलाही मिळाला होता. एक तारखेला रुजू व्हायचं होतं, अकरा दिवस राहिले होते. ठेला विकायला काढला होता. अंगणवाडीला नेसायला दोन सुती साड्या घेऊन ठेवल्या होत्या, त्या तिनं मला दोनदा दाखवल्या. मी नववीतून शाळा सोडलेली. मास्तरनं कानाखाली वाजवली, मी त्याच्या टेबलावर दप्तर उलटं केलं आणि बाहेर पडले ती पडलेच. काकू रोज म्हणायची, तू पन सतरा नंबर भर. मी म्हणायचे, तुमी भरला ना, बस झालं.

बाबा म्हणत होते की आता नोकरीच्या तोंडावर कशाला अंगावर घेता. तिनं ऐकलं नाही. दाखला हातात आहे, दोनशेच्या केशीनं आजवर कोनाचं काय अडलं, म्हणाली. ते खरंही होतं. शिलवंतच्या पोराला तीन केशी असून होमगार्डात घेतलं होतं.

पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीनं फिरलं होतं. मी काही आंधळी नव्हते. दोन महिन्यांपासून बाबा रोज दाढी करत होते. काकू चहा आणायची तर पहिला कप बाबांच्या हातात जायचा, आणि बाबांना गरम चालत नाही म्हणून ती तो आधी बशीत निववून द्यायची. आईनं कधी निववून दिला नव्हता. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. आता ही बाबांचा नंबर पण करणार, म्हणजे हिचं नातं काय?

"सुकी, डबे मंग तुमच्याकडं सरकव," काकू म्हणाली. "आता नंबर माहा आहे. दुधे तीनला येते."

"सरकवते."

"आत्ताच सरकव, बाई."

"सांगतलं ना सरकवते म्हनून."

बाबा सायकल घेऊन सुपारी आणायला गेले. काकू ठाण्यात नंबर बदलल्याचं सांगून जेवायला घरी गेली, ठेल्याला नुसती चादर टाकून. पोतडी उचलायला मला दोन मिनिटं लागली असती. मी आमच्या ठेल्याची फळी पाडली, स्टँडच्या आत गेले आणि नागपूर गाडीच्या बाकावर पाय वर घेऊन बसले. तिनं सांगितलं म्हणून लगेच उठायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. तिला जरा बसू दे वाट पाहत.

तीनला दहा कमी असताना गाडीचा आवाज आला. मोटरसायकलचा नव्हता. मी उठून पाहिलं तर पांढरी जीप, तिच्यातून चष्म्याची एक मॅडम उतरली, दोन माणसं, एक बाई पोलीस. अन्न-औषधवाले होते, जिल्ह्याहून आलेले. दुधे जमादार मागं होता, पांढरा पडलेला. त्याला त्यांनी ठाण्यातून सोबत घेतलं होतं, आधी न सांगता.

मॅडमनं त्याला विचारलं की कोणत्या ठेल्यापासून सुरू करायचं. आणि दुधेनं, सवयीनं, नंबरवाल्या ठेल्याकडं बोट केलं. त्याच्या डोक्यात तेच बसलं होतं, की नंबरच्या ठेल्यात काही नसते.

मी पळत आले तोवर पोतडी बाहेर काढली होती. चौदा डबे पेपरवर ओळीनं मांडले होते. काकू ठेल्याच्या बाजूला उभी, नुकतीच जेवून आलेली, हात ओलाच. तिनं डबे पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. मी सरकवले असतील असं तिनं धरलंच होतं, म्हणून नुसतं नवल.

"हा माल कोणाचा?" मॅडमनं विचारलं.

"माहा."

"एकटीचाच?"

"ठेला माहा, माल माहा. कबूल आहे."

मॅडमनं चष्मा काढून पुसला. वाईट बाई नव्हती ती. म्हणाली, "ताई, नीट विचार करून बोला. हे शाळेसमोरच्या बिडीचं नाहीये. हा बंदी असलेला माल आहे. याच्यात दोनशे रुपये भरून सुटत नाही."

काकू थोडी हसली. मॅडम नवीन आहे, इथली रीत तिला माहीत नाही, असं वाटलं असेल. तिनं दुधेकडं पाहिलं, की हा सांगेल. दुधे आपले बूट पाहत होता.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मॅडमचं लक्ष गेलं आणि तिनं विचारलं, तू कोण?

"बाजूची पोरगी आहे," माझ्याआधी काकूच बोलली. "शाळेत जाते. तिले काही माहीत नाही."

मला शाळा सोडून वर्ष झालं होतं. मी तोंड मिटलं.

शिलवंतनं पंच म्हणून सही केली, नेहमीसारखी, न वाचता. काकूनं मात्र वाचून केली. बारावी पास होती. 'मजकूर वाचला, बरोबर आहे' असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली इंदू भगवान नगराळे.

बाबा सुपारी घेऊन आले तेव्हा ती जीपमध्ये बसलेली होती, बाई पोलिसाच्या बाजूला. बाबांनी सायकल तशीच धरून ठेवली. डब्यांवर लाख लावून सील करत होते. बाबांनी डबे मोजले, ओठ हलताना मला दिसले. मग माझ्याकडं पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. काकू जीपमधून म्हणाली, "काही नाही भाऊ, उद्या दुपारपर्यंत येते. कुलूप लावून घ्या ठेल्याले."

संध्याकाळी शिलवंत एका वकिलाला विचारून आला. आमच्या दारात उभा राहूनच सांगितलं त्यानं. तीनशे अठ्ठावीस कलम लावलं आहे. विष खाऊ घालण्याचं कलम. जामीन इथल्या कोर्टात होणार नाही, वर जावं लागेल, महिना पण लागू शकते. बाबांनी काहीतरी विचारलं, शिलवंतला समजलं नाही, मी सांगितलं: नोकरीचं काय? शिलवंत म्हणाला, जेलात बसून कोन रुजू होते, मोतीराम? मग जाताजाता म्हणाला की एकच रस्ता आहे, वकील म्हणे. माल तिचा नाही, माझा आहे, असं कोणी स्वतः उद्या कोर्टात येऊन सांगितलं, तर तिला सोडायचा विचार होईल. आणि तो आम्हा दोघांकडं बिलकुल न पाहता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात एकटीच गेले.

आंबेटोल्याचं कोर्ट म्हणजे तहसीलच्या मागची दोन दालनं. काकूला आणलं अकराच्या सुमारास. तीच साडी, केस हातानंच बसवलेले. तिनं आल्याबरोबर दाराकडं पाहिलं. मी हात वर केला. तिनं मला पाहून मान हलवली, आणि परत दाराकडं, माझ्या मागं, पाहिलं.

माझ्या मुठीत दोनशे रुपये होते. काहून नेले होते कोण जाणे. मला तर माहीत होतं की दोनशेत सुटत नाही.

तिचं नाव पुकारलं. न्यायाधीश तरुण होते, सर्दी झालेली. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, पोलिसांनी मारहाण केली का, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?

"कबूल आहे, साहेब," काकू म्हणाली.

मागं बसलेले दोनचार लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"बाई, ते नाही विचारलं मी. तुम्हाला कोणी मारलं का?"

"नाही साहेब. कबूल आहे. दंड आनला आहे." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "त्या पोरीजवळ आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मूठ मागं नेली.

सरकारी वकील काहीतरी बोलले. साहेबांनी तिला समजावून सांगितलं, हळू, लहान पोराला सांगतात तसं, की आज कबूल-नाकबूल काही नाही, ते नंतर. आज फक्त चौदा दिवस न्यायालयीन कोठडी. तुम्हाला वकील नसेल तर सरकारकडून मिळेल.

"चौदा दिवस नाही जमनार, साहेब," काकू म्हणाली. "एक तारखेला मले रुजू व्हायचं आहे."

"कुठे?"

"अंगनवाडीत. ऑर्डर निंगाली आहे."

साहेबांचा पेन थांबला. खरंच थांबला, मी पाहिला. मग त्यांनी नाक पुसलं आणि सही केली.

बाई पोलीस तिला घेऊन निघाली. माझ्या बाजूनं जाताना काकू थांबली. आता तिला समजलं होतं. ओठ सुकलेले. मला वाटलं डब्यांचं विचारेल. तिनं डब्यांचं विचारलं नाही.

"भाऊ नाही आले?" म्हणाली.

बाई पोलिसानं तिला पुढं केलं, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

ती जेलात चौतीस दिवस होती. एक तारीख गेली. यादीत तिच्याखाली ज्या बाईचं नाव होतं ती रुजू झाली, ती आजही आहे, पोरं तिला मावशी म्हणतात. काकूचा ठेला नगरपंचायतीनं उचलून नेला. केस मात्र चालत राहिली, जवळजवळ चार वर्षं, तारीख पे तारीख. गेल्या महिन्यात निकाल लागला. विषाचं कलम टिकलं नाही. बाकीच्यात पंचवीस हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. म्हणजे साहेब खुर्चीवरून उठत नाहीत तोवर कोर्टात बसून राहायचं. शिलवंत गेला होता, त्यानं सांगितलं. ती साडेपाचपर्यंत बाकावर बसून होती. पाणी दिलं तर नको म्हणाली.

मी गेले नाही. मी आता एकोणीस वर्षांची आहे आणि मला कुठं जायची हिंमत होते न् कुठं होत नाही, ते मला माहीत आहे.

त्या कोर्टाच्या दिवशीचं मी पूर्ण सांगितलं नाही.

त्या सकाळी बाबा माझ्याआधी उठले. आंघोळ केली. माझ्या मावसभावाच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला. चपला घातल्या. मी विचारलं कुठं, तर म्हणाले, "कोर्टात. माल माहा आहे, सांगतो."

दोन बोटांच्या तोंडातून ते इतकं स्पष्ट बोलले की कोणालाही समजलं असतं.

मी दारात आडवी झाले. आधी मी म्हणाले की तुमाले तिथं बोलता येनार नाही, हसतील लोक. ते म्हणाले, लिहून देतो. मग मी म्हणाले की जेलात भाकर कोन कुस्करून देईल तुमाले. ते म्हणाले, देईल कोनी. त्यांनी माझा खांदा धरून मला बाजूला करायला सुरुवात केली, रागानं नाही, पोतं सरकवतात तसं. तेव्हा मी ते बोलले.

"आई दवाखान्यात होती तवा एक दिवस ठेला बंद नाही ठेवला तुमी. आता हिच्यासाठी जेलात चालले."

त्यांचा हात माझ्या खांद्यावरच राहिला.

"जा," मी म्हणाले. "पन वापस याल तवा मी या घरात नसन. मंग तुमी न् ती, दोघंच राहा."

डबे मी सरकवले नाहीत, माल आमचा आहे, यातलं एक अक्षर मी काढलं नाही. मला माहीत होतं कुठं मारायचं. बाबा खाली बसले, चपला काढल्या, आणि दोन्ही चपला भिंतीला लावून नीट ठेवल्या. शर्ट काढला नाही. संध्याकाळपर्यंत तोच घालून तसेच बसले होते. मी दोनशे रुपये घेऊन निघाले तेव्हा तेवढंच म्हणाले, "तिले सांग, मी येत होतो."

कोर्टाच्या दारात काकूनं विचारलं तेव्हा हे सांगायला एक श्वास लागला असता. पण ते राहिलं. त्याला मी बाई पोलिसाचं निमित्त करू शकते. पुढच्याला निमित्त नाही.

चौतीस दिवसांनी ती सुटली. दुपारची वेळ, बाबा सायकलनं सुपारी आणायला गेलेले, मी ठेल्यावर एकटी. आता खऱ्या मालाला कोणी हात लावत नव्हतं, नुसतं पान नि बिस्किटं. काकू रस्त्याच्या पलीकडून आली. वाळली होती. आपल्या ठेल्याच्या जागी चार विटा उरल्या होत्या, त्या तिनं पाहिल्या. मग माझ्यासमोर आली. मी उठून उभी राहिले. मी फळी धरली.

डब्यांचं तिनं तेव्हाही काढलं नाही. इतकंच म्हणाली, "सुकी, एक विचारते. खरं सांग. त्या दिवशी भाऊ निंघालेच नाही काय घरून? त्यांच्या मनात तरी आलं होतं काय?"

ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. नोकरी गेली, ठेला गेला, चौतीस दिवस गेले, आणि ही बाई एवढंच मागत होती.

मी विचार केला, सांगितलं तर ती थांबेल. इथंच या विटांवर बसेल. बाबा येतील. चहाची बशी येईल.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. दोनदा. "बरं," म्हणाली. पदर खांद्यावरून घेतला आणि स्टँडच्या आत गेली. तिच्या भावाच्या गावाची गाडी लागलेली होती.

गाडी सुटली नि दहा मिनिटांत बाबा आले. सायकल उभी करताना त्यांनी विटांकडं पाहिलं, रोजच पाहायचे. आज सुटणार असं शिलवंतकडून त्यांना समजलं होतं. दाढी केलेली होती.

"इंदू आली होती काय?"

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी सुपारीची पिशवी फळीवर ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. सात वाजता मी ठेला बंद करू म्हणाले, तर म्हणाले, थांब, अजून एक गाडी यायची आहे.